पॅटागोनियात गाडीने: आठ जण, एक व्हॅन की दोन गाड्या?

कडीपत्ता
नमस्कार मंडळी,
पुढच्या जानेवारीत आमचा कंपू पॅटागोनियाला निघालाय. कंपू म्हणजे कॉलेजातले चार मित्र आणि चौघांच्या बायका, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. दोघांचे गुडघे बोलतात, एकीला गाडी लागते, आणि माझा मेव्हणा (तोही त्या चारांतलाच) प्रत्येक ठिकाणी ड्रोन उडवणार आहे. गाडी चालवू शकणारे पाच जण. डोक्यात असं आहे की चिलीत पुएर्तो मोन्तला गाडी घ्यायची, कारेतेरा आउस्त्राल (तिथला दक्षिणेकडे जाणारा लांब रस्ता) धरून खाली यायचं, मग अर्जेंटिनात शिरून रुता ४० हा महामार्ग, एल चाल्तेन, कालाफातेची हिमनदी, परत चिलीत तोरेस देल पाइने आणि शेवट उशुआया, तिथे 'जगाचं टोक' लिहिलेल्या पाटीखाली फोटो काढून परत. साधारण तीन आठवडे मिळतील, विमानप्रवास धरून.

प्रश्न दोन. एक, आठ जणांना एक मोठी व्हॅन बरी की दोन गाड्या? यावरून आत्ताच दोन पक्ष पडलेत. दोन, हे सगळं तीन आठवड्यांत बसतं का? एक्सेलमध्ये बसतंय.

रात्रपाळी
एक्सेलमध्ये माझं रिटायरमेंट पंचेचाळिसाव्या वर्षी बसत होतं.

भिंगरी
वाखुसा (वाचनखूण साठवली). आम्ही बहिणी-बहिणी जायचं म्हणतोय कधीपासून, कुणीतरी धागा काढला बरं झालं.

पायवाट
आम्ही सहा जण गेलो होतो, दोन गाड्या घेऊन, फेब्रुवारीत. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

तिथे किलोमीटर बघून दिवस आखू नका. कारेतेरा आउस्त्राल सगळी मिळून बाराशे किलोमीटरच्या वर आहे, नकाशावर वाटतं चार दिवसात खाली पोचू, पण मध्ये फेरी बोटी आहेत, आणि सेरो कास्तियो गावानंतर दक्षिणेला बहुतेक रस्ता खडीचा, त्याला तिकडे रिपिओ म्हणतात. ताशी पन्नासच्या वर गेलात की मागचं चाक नाचायला लागतं. कुठे कुठे आडव्या लाटा पडलेल्या असतात, दात वाजतात अक्षरशः. समोरून ट्रक आला की काचेवर खडा बसणार हे धरूनच चालायचं. आमच्या एका काचेला तडा गेला तो रोज बोटभर वाढायचा आणि रोज सकाळी आमच्यातला एक जण पट्टी लावून मोजायचा.

दोन गाड्या असतील तर मागची गाडी पहिलीची धूळ खाते. म्हणून मध्ये चांगलं अंतर ठेवावं लागतं, आणि अंतर ठेवलं की एकमेकांचा पत्ता लागत नाही कारण मोबाईलला रेंज नाही. वॉकीटॉकी घेऊन जा. आमच्याकडे स्वस्तातले होते, त्यावर निम्मा वेळ 'ओव्हर' म्हणण्यात गेला तरी उपयोग फार झाला. पुढची गाडी सांगायची खड्डा, मेंढ्या, ग्वानाको (उंटाच्या कुळातला तिथला रानटी प्राणी), वळणावर पाणी. नियम एकच केला होता, दर तासाला पहिल्याने थांबायचं आणि दुसरी दिसेपर्यंत हलायचं नाही.

आता वारा. हा विषय कुणी गंभीरपणे घेत नाही. अर्जेंटिनाच्या बाजूला झाड नाही, डोंगर लांब, आणि पश्चिमेकडून वारा येतो तो समुद्रावरून अँडीज ओलांडून थेट. उन्हाळ्यातच जास्त असतो. ताशी शंभरच्या वरचे झोत येतात. गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे करून उभी करायची, नाहीतर दार उघडलं की ते हातातून सुटतं आणि पुढे बॉनेटच्या दिशेने मुडपतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने पेट्रोल पंपावर दार उघडलं आणि बिजागरी वाकली ती वाकलीच, पुढचा सगळा प्रवास ते दार दोरीने बांधून. आणि भाड्याच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वाऱ्याने दाराचं झालेलं नुकसान विम्यात येत नाही. सही करण्याआधी तेवढी ओळ शोधा.

रात्रपाळी
गाडी लागणाऱ्या वहिनींना दाराशी बसवू नका एवढं समजलं. की दाराशीच बसवायचं?

अण्णा_सातारा
एक प्रामाणिक प्रश्न. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खडीचा रस्ता, धूळ, पंक्चर आणि वारा हेच बघायचं असेल तर आपलं स्पिती, लडाख काय वाईट आहे? दहा टक्के खर्चात होतं. तिकडे गेलं की पॅटागोनिया पॅटागोनिया करतात आणि इकडे काझाला कुणी जात नाही.

ढगाआड
अण्णा, काझाला आता पार्किंग मिळत नाही, 'कुणी जात नाही' कुठलं!

पायवाट
अण्णा, स्पितीही केलंय, तेही आवडलं, त्यामुळे भांडण नाही. पण दोन्हीत फरक बराच आहे. स्पितीत दम लागतो, डोकं दुखतं, उंची हाच मुख्य प्रश्न. इथे रस्ते जवळपास समुद्रसपाटीला, आणि तरी हिमनदी रस्त्याच्या कडेला लोंबते. चिलीतल्या केउलात उद्यानात झाडीतून वर बघितलं की दोन डोंगरांच्या खोबणीत बर्फ अडकलेला आणि त्याखालून धबधबा, आणि तुम्ही उभे आहात नेच्यांच्या आणि शेवाळाच्या ओल्या जंगलात. चिलीची बाजू पावसाची, अर्जेंटिनाची कोरडी. अँडीज ढग अडवतो, पलीकडे उतरलं की दोन तासात हिरवं संपून पिवळं गवत सुरू. आपल्याला सह्याद्रीमुळे हा प्रकार माहीत आहेच, पण इथे तो फारच टोकाचा आहे.

आणि दुसरा फरक माणसांचा. लडाखला गाडी बंद पडली तर तासाभरात कुणीतरी पाना घेऊन येतो. इथे दोन तास गाडीच दिसत नाही. दिसली तर मात्र न थांबता जात नाही. आमचं पंक्चर झालं बाखो काराकोलेसच्या खाली, स्पेअर चढवताना जॅक रेतीत रुतत होता. पिकअपवाला म्हातारा थांबला, मागून फळी काढली, जॅकखाली घातली, काम झालं. मग बॉनेटवर थर्मास ठेवून माते (तिकडचा चहासारखा पाल्याचा काढा) पाजला. एकच भोपळ्याचं भांडं, एकच धातूची नळी, सगळ्यांनी आळीपाळीने तीच ओढायची, नळीने ढवळायचं नाही. आमच्यातल्या एकाने पहिल्याच घोटाला शिष्टाचार म्हणून ग्रासियास म्हटलं तर त्याला परत मिळालाच नाही. ग्रासियास म्हणजे 'पुरे' असं धरतात. दुसरीकडे आमच्या वहिनी काहीच न बोलता चार वेळा प्यायल्या आणि रात्रभर जाग्या.

निरगुडी
खाण्याचं कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. शाकाहारी असाल तर तयारीने जा. सगळीकडे कोकरू, उभ्या लोखंडी सळीवर आख्खं ताणून बांधलेलं आणि तासन् तास निखाऱ्याशेजारी. खाणाऱ्यांची चंगळ आहे, आमच्यातले दोघं त्याच्यासमोरून हलायला तयार नव्हते. न खाणाऱ्यांना अर्जेंटिनात निदान इटालियन लोकांची पुण्याई आहे, पिझ्झा, न्योकी, आणि प्रोवोलेता म्हणजे तव्यावर भाजलेलं जाड चीज वरून ओरेगानो टाकून, ते एकदम भारी. कांदा-चीजचं किंवा मक्याचं एम्पानादा (आपल्या करंजीसारखं) मागा. पण कडक शाकाहारी असाल तर विचारा, कारण त्याच्या पोळीच्या पिठात आणि चिलीतल्या घरगुती पावात बऱ्याचदा चरबी घालतात.

आम्ही सगळीकडे काबान्या घेतल्या, म्हणजे स्वयंपाकघर असलेली लाकडी घरं. आठ जणांना हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा स्वस्त पडतं. संध्याकाळी खिचडी, मेतकूट, पापड. आता मेतकुटाचा मुद्दा आला की चिलीची सीमा. त्यांचं शेती खातं फार कडक आहे. फळ, मध, ताजं दूध-मांस, बी-बियाणं काही चालत नाही, आणि प्रत्येक सामान एक्सरेमधून जातं. फॉर्मवर 'आहे' असं लिहिलंत तर ते बघतात, नको असेल ते काढून घेतात आणि सोडतात. 'नाही' लिहून बॅगेत सफरचंद सापडलं तर दंड. आम्ही सरळ सगळं टेबलावर मांडलं. बाईंनी गोडा मसाल्याची पुडी उघडून वास घेतला, दुसऱ्या बाईंना बोलावलं, त्यांनी घेतला, तिसऱ्या आल्या. मसाला सुटला. कच्चे शेंगदाणे गेले.

रात्रपाळी
तीन सरकारी बायका गोडा मसाला हुंगतायत हे दृश्य बघायला मी तिकीट काढीन.

मृगव्याध
माझ्या नावाला जागतो आणि अवांतर करतो. रात्री गाडी चालवू नका पण रात्री बाहेर जरूर या. जानेवारीत तिकडे सूर्य मावळायलाच दहा वाजतात, त्यामुळे अंधार उशिरा. मृग नक्षत्र उलटं दिसतं, म्हणजे आपण इथे बघतो त्याच्या अगदी डोक्यावर उभं. व्याध त्याच्या वर. आणि अगस्ती, जो महाराष्ट्रातून दक्षिणेला क्षितिजाजवळ थोडा वेळ दिसतो, तो तिकडे पार डोक्यावर. मॅगेलनचे मेघ (आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला ढगाचे दोन तुकडेच वाटतात, पण ते हलत नाहीत. चंद्रही उलटा. आणि दिवसा सूर्य उत्तरेकडून जातो हे विसरू नका, आमच्या एका मित्राने सावली बघून दिशा सांगितली आणि सगळे अर्धा तास उलटे चालले.

अण्णा_सातारा
सूर्य उत्तरेला म्हणजे तिकडे वास्तुशास्त्रवाल्यांचं काय होत असेल?

रात्रपाळी
आग्नेयेला स्वयंपाकघर आणि शेजारी पेंग्विन.

सांतियागोकर
नोकरीनिमित्त बरीच वर्षं इथे चिलीत आहे, दक्षिणेला येणंजाणं असतं. कडीपत्ता, तुमच्या आखणीबद्दल लिहितो, राग मानू नका.

सगळ्यात आधी सीमा. चिलीत भाड्याने घेतलेली गाडी अर्जेंटिनात न्यायची तर कंपनीकडून वेगळा नोटरी केलेला कागद लागतो, तो काही दिवस आधी सांगून बनवून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. शिवाय चिलीत घेतलेली गाडी अर्जेंटिनात सोडणं जवळपास अशक्य, आणि चिलीतल्या चिलीतही दुसऱ्या गावी सोडलीत तर मोठी रक्कम लावतात. म्हणजे पुएर्तो मोन्तला घेऊन उशुआयाला सोडणं डोक्यातून काढा. उशुआयापर्यंत जाऊन परत वर आणायची तर तुमचे तीन आठवडे नुसतं स्टिअरिंग धरण्यात जातील.

दुसरं, कारेतेराच्या शेवटी बीया ओ'हिगिन्स गाव आहे, नकाशावर तिथून चाल्तेन अगदी हाताच्या अंतरावर दिसतं. गाडीने जाता येत नाही. बोटीने तलाव ओलांडून पुढे पायी किंवा सायकलने जाणारे जातात. गाडीवाल्यांना तिथून मागे फिरावंच लागतं. अर्जेंटिनात शिरायचं तर कोक्रानेजवळून रोबायोस खिंड किंवा चिले चिकोहून लोस आंतिगुओस. चिले चिकोकडे जाणारा तलावाच्या काठचा रस्ता देखणा आहे पण अरुंद, एका बाजूला कडा आणि कठडा नाही, तेव्हा चालवणाऱ्याने तलाव बघू नये.

तिसरं, फेऱ्या. ओर्नोपिरेनहून खाली जायची बोट साडेतीन-चार तासांची आहे, मग दहा किलोमीटर गाडी, मग परत बोट. जानेवारी-फेब्रुवारीत इथल्या शाळांना सुट्टी असते, सगळं चिली तिकडे लोटतं, महिनाभर आधी गाडीसकट आरक्षण केलं नाही तर धक्क्यावर बसून राहाल. पुएर्तो युंगायची बोट मात्र सरकारी आणि फुकट, रांगेत जो आधी तो आधी.

चौथं आणि हे लक्षात ठेवाच, इथे पंपावर पेत्रोलेओ म्हणजे डिझेल. पेट्रोलला बेन्सिना म्हणायचं. आपला माणूस हमखास 'पेत्रोल पेत्रोल' म्हणतो आणि पंपावरचा पोरगा हमखास चुकीची नळी उचलतो.

माझं मत विचाराल तर दोन तुकडे करा. बाल्मासेदाला विमानाने या, तिथे गाड्या घ्या, कोयाइके, सेरो कास्तियो, रिओ त्रान्किलो, कोक्राने, तोर्तेल, परत वर येऊन चिले चिको आणि तिथून बोटीने तलाव ओलांडून इबान्येझ, परत कोयाइके. सगळं चिलीत, सीमेचा कागद नको. मग विमानाने दक्षिणेला आणि तिकडे वेगळी गाडी, नातालेस-पाइने-कालाफाते-चाल्तेन-परत. या दुसऱ्या तुकड्याला सीमेचा कागद लागेल पण अंतरं कमी आहेत. उशुआया सोडा.

कडीपत्ता
राग कसला, हेच तर हवं होतं. पण 'उशुआया सोडा' हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं आणि मेव्हण्याने ग्रुप सोडला. परत अ‍ॅड केलंय.

भिंगरी
सांतियागोकर, संगमरवरी गुहांचं काय? तेवढ्यासाठीच माझ्या धाकट्या बहिणीला जायचंय.

सांतियागोकर
रिओ त्रान्किलोहून बोटी निघतात. सकाळी लवकरची घ्या, वारा कमी असतो आणि उजेड पाण्यावरून आत जातो तेव्हा छताला निळी-हिरवी जाळी हलताना दिसते. वारा वाढला की बोटी बंद, म्हणून तिथे एक दिवस हातात ठेवा. त्या तलावाला आमच्या बाजूला हेनेराल कारेरा म्हणतात, अर्जेंटिनाच्या बाजूला बुएनोस आइरेस. नावांचा गोंधळ इथे फार आहे. पेरितो मोरेनो नावाचं गाव आहे, त्याच नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच नावाची हिमनदी, म्हणजे तुमची कालाफातेची, तिसऱ्याच ठिकाणी, गावापासून शेकडो किलोमीटर खाली. जीपीएसमध्ये नुसतं 'पेरितो मोरेनो' टाकून निघालेली माणसं भेटतात.

ढगाआड
त्या तलावावरून आठवलं. डग्लस टॉम्पकिन्स, नॉर्थ फेस कंपनी काढणारा, डिसेंबर २०१५ मध्ये याच तलावात कयाक उलटून थंडीने गेला. त्याने नव्वदीपासून चिलीत प्रचंड जमिनी विकत घेतल्या होत्या जंगल राखायला. आधी लोकांना संशय, की हा अमेरिकन देशाचे दोन तुकडे करणार. तो गेल्यावर बायको क्रिस्टीनने त्यातली सुमारे चार लाख हेक्टर चिली सरकारला दिली, त्यातून उद्यानं झाली. कोक्रानेजवळची चाकाबुको दरी आधी मेंढ्यांचं कुरण होती, त्यांनी मैलोगणती तारेची कुंपणं उपटून काढली, आता तिथे ग्वानाकोंचे कळप रस्त्यात उभे असतात. रोबायोसला जाणारा रस्ता त्यातूनच जातो, तेव्हा कडीपत्ता, वाट त्यावरून गेली तर उतरून चाला थोडं.

अण्णा_सातारा
म्हणजे आधी श्रीमंताने मेंढ्यांसाठी जमीन घेतली, मग दुसऱ्या श्रीमंताने ग्वानाकोंसाठी. मूळ लोकांचं काय?

ढगाआड
मुद्दा बरोबर आहे. दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगो बेटावर सेल्कनाम लोक होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेंढ्यांची कुरणं आली आणि कुरणवाल्यांनी त्यांना मारायला माणसं ठेवली, डोक्यामागे पैसे देऊन. जे उरले ते मिशनमध्ये, तिथे साथीच्या रोगांनी गेले. आज पुंता अरेनासला जे टुमदार वाडे दिसतात ते त्याच लोकरीच्या पैशाचे. आणि अर्जेंटिनात १९२०-२१ साली याच कुरणांवरच्या मजुरांनी संप केला तर लष्कराने शेकड्यांनी गोळ्या घातल्या. रुता ४० वर रिकामं माळरान बघून 'वाह, काय शांतता' म्हणतो आपण, ते रिकामं आपोआप झालेलं नाही. आणि हा कारेतेराच बघा, लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या काळात १९७६ ला सुरू झाला, लष्कराने सुरुंग लावून बांधला, ओ'हिगिन्सपर्यंत पोचायला २००० साल उजाडलं.

रात्रपाळी
धागा ट्रिपचा होता. मेव्हणा परत ग्रुप सोडेल.

अण्णा_सातारा
नाही, हे वाचून मला पहिल्यांदा तिकडे जावंसं वाटलं, खरं सांगतो.

जुना_सभासद
रुता ४० वर गोबेर्नादोर ग्रेगोरेस आणि त्रेस लागोस यांच्या मध्ये ७३ किलोमीटरचा कच्चा पट्टा आहे, त्याला लोक 'शापित ७३' म्हणतात. कोरडा असेल तर ठीक. पाऊस पडला की चिकणमाती, चारचाकी ड्राइव्हवाल्याही अडकतात. ग्रेगोरेसला पंपावर विचारून मगच पुढे जायचं, आणि टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची. बाखो काराकोलेसला एक पंप आहे, जगभरच्या प्रवाशांनी स्टिकर चिकटवून तो झाकून टाकलाय, कधी कधी पेट्रोलच नसतं.

त्याच भागात कुएवा दे लास मानोस चुकवू नका. रिओ पिंतुरासच्या दरीत कड्यावर हातांचे ठसे, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासूनचे. हात भिंतीला टेकवून हाडाच्या नळीतून रंग फुंकायचे. बहुतेक डावे हात आहेत, कारण उजव्याने नळी धरलेली. एका ठिकाणी सहा बोटांचा हात आहे, वाटाड्या दाखवतोच.

निरगुडी
+१ त्या गुहेला. आणि रस्त्याच्या कडेला लाल झेंड्यांची छोटी देवळं दिसतील ती गाउचितो खिल या लोकदैवताची, ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून जातात, आपल्याकडे घाटातल्या म्हसोबाला नाणं टाकतात तसंच. दुसरीकडे कडेला पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग दिसेल, तो कचरा नाही. दिफुंता कोरेआ म्हणून बाई वाळवंटात तहानेने मेली, बाळ मात्र तिच्या छातीशी जिवंत सापडलं अशी कथा आहे, तिच्यासाठी पाणी ठेवतात. आमच्यातल्या एकाने स्वच्छता अभियान म्हणून त्या बाटल्या उचलायला घेतल्या होत्या, मी वेळेत ओरडले.

भिंगरी
गुडघेवाल्यांसाठी: तोर्तेल गाव सुंदर आहे म्हणतात पण तिथे रस्ते नाहीत ना? माझ्या मोठ्या ताईचे गुडघे पण असेच.

सांतियागोकर
बरोबर. गाडी वर ठेवायची आणि सगळं गाव सिप्रेसच्या लाकडाच्या पुलवाटांवर आणि जिन्यांवर. गावात चाक असलेली वस्तूच नाही, सामानसुद्धा हाताने. २००३ पर्यंत तिथे बोटीनेच जावं लागे. गुडघे दुखत असतील तर वरच्या भागात राहायला घ्या आणि पाठीवरची छोटी पिशवी न्या, चाकाची बॅग त्या फळ्यांवरून नेणारा माणूस अख्ख्या गावाला जागा करतो.

चाल्तेनला फिट्झ रॉय डोंगराखालच्या लागुना दे लोस त्रेसची वाट शेवटच्या किलोमीटरला भयंकर चढते, गुडघेवाल्यांनी काप्री तळ्यापर्यंत जावं, तिथूनही डोंगर समोर उभा असतो. किंवा लागुना तोरे, लांब आहे पण बरीचशी सपाट.

पायवाट
आणि कालाफातेच्या हिमनदीला गुडघ्यांचा प्रश्नच नाही, लोखंडी पायवाटा आणि लिफ्टसुद्धा. तिथे गडबड करू नका. पाच किलोमीटर रुंद बर्फाची भिंत समोर, पाण्यावर साठ-सत्तर मीटर. आतून सतत तडतड, मधूनच तोफेसारखा आवाज. गंमत म्हणजे तुकडा पडताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, त्यामुळे आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त लाटा दिसतात. आमचे फोटोवाले सगळे आवाजाकडे वळत राहिले, आणि आमच्या वहिनी कॅमेरा न घेता एका जागी बसून होत्या, त्यांनी सगळे बघितले. बरीच वर्षं ही हिमनदी स्थिर म्हणून सांगायचे, आता तीही मागे सरकायला लागली आहे.

भिंगरी
माशांचं खरं आहे का? जानेवारीत म्हणे मोठ्या माशा चावतात.

सांतियागोकर
ताबानो. जानेवारीत चिलीच्या तलावांजवळ, ऊन पडलं की. गडद कपड्यांवर जास्त येतात, फिकट घाला. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला आलात तर माशा नाहीत, गर्दी नाही, वाराही जरा बरा आणि लेंगाची झाडं लाल झालेली असतात. पण दिवस लहान होतो आणि बोटी कमी होतात.

कडीपत्ता
मार्चमध्ये दोघांकडे वर्षअखेरीचे हिशोब, त्यामुळे जानेवारीच. रात्री सगळ्यांचं बोलणं झालं, तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. सांतियागोकरांची दोन तुकड्यांची आखणी पास. शापित ७३ आपोआप वगळले गेले, त्याबरोबर ती हातांची गुहाही, त्याचं वाईट वाटतंय. उशुआयावर मतदान झालं, पाच विरुद्ध तीन, सोडलं. मेव्हण्याला ड्रोनसाठी जास्तीचा अर्धा दिवस देऊन समजूत काढली.

सांतियागोकर
ड्रोन राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय चालत नाही, दोन्ही देशांत. आत्ताच सांगा त्यांना.

कडीपत्ता
मी नाही सांगणार.

आणि गाड्या दोनच ठरल्या. पायवाट यांचा दाराचा किस्सा ऐकून व्हॅन-पक्ष जरा गप्प झाला, उंच गाडी वाऱ्यात जास्त हलेल म्हणून.

जुना_सभासद
एक विचार. व्हॅनचं मागचं दार सरकतं असतं. वाऱ्याने मुडपायला तिथे काही नाहीच, फक्त पुढची दोन सांभाळायची. दोन गाड्या म्हणजे आठ दारं.

रात्रपाळी
अहो जुना_सभासद, आत्ता कुठे मिटलं होतं.

पायवाट
बोलले ते बरोबर आहे, पण रिपिओवर लोडेड व्हॅनचं टायर गेलं तर आठही जण रस्त्यावर. दोन गाड्या असल्या की एक जण पुढच्या गावाला जाऊन मदत आणू शकतो. माझं मत दोनच. आणि जोड्या रोज बदला, म्हणजे त्याच चार माणसांचे तेच विनोद ऐकावे लागत नाहीत. खर्चाचा हिशोब एकाकडेच द्या, रोज रात्री लिहायचा.

निरगुडी
जोड्या बदला याला +१००. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात एका गाडीत भीमसेन आणि दुसऱ्या गाडीत नव्वदीतली गाणी अशी कायमची फाळणी झाली होती.

जुना_सभासद
जाता जाता कागदपत्रं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना पाचही जणांनी काढा, एक वर्ष चालतो, आणि मूळ लायसन्स सोबत ठेवा. व्हिसाचे नियम दोन्ही देशांनी अलीकडे बदललेत, अमेरिकेचा व्हिसा असेल तर बरंच सोपं होतं, पण तिकीट काढायच्या आधी दोन्ही वकिलातींच्या साइटवर त्या आठवड्यातलं काय आहे ते बघा, कुणाच्या ब्लॉगवरचं नको. आणि अर्जेंटिना किंवा ब्राझीलहून परत येताना आपल्या विमानतळावर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतात. लस ठराविक सरकारी केंद्रांतच मिळते, तारखा लवकर भरतात, आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढे कुणी असेल तर डॉक्टरांना विचारून.

भिंगरी
हे कार्डाचं माहीतच नव्हतं! मुंबईला जावं लागतं का त्यासाठी?

जुना_सभासद
पुण्यातही आहे केंद्र. फोन करून जा, रोज देत नाहीत.